काष्ठफलकांच्या आयातीची तुलना : जपान, चीन, अमेरिका आणि भारत या अर्थव्यवस्थांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

घराची दारे, कपाटे, कार्यालयातील टेबले, दुकानांतील मांडण्या आणि स्लॅब ओतताना लागणाऱ्या सेंट्रिंगच्या फळ्या या सर्व ठिकाणी एकेकाळी अखंड लाकूड वापरले जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जागा मोठ्या प्रमाणावर प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एम.डी.एफ. यांसारख्या कारखान्यात तयार होणाऱ्या फळ्यांनी घेतली. या सर्व फळ्यांना प्रस्तुत लेखात ‘काष्ठफलक’ अशी एकत्रित संज्ञा वापरली आहे. काष्ठफलकांचा व्यापार आज जगाच्या सर्व खंडांत पसरलेला असून त्याची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध होते. या आकडेवारीच्या आधारे अमुक देशाची आयात घटली, म्हणून तो स्वावलंबी झाला, आणि तमुक देशाची आयात वाढली, म्हणून तो परावलंबी झाला, असे निष्कर्ष सहज काढले जातात.

हे निष्कर्ष कितपत ग्राह्य आहेत, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. जंगलातील झाडापासून घरातील कपाटापर्यंतच्या प्रवासात लाकूड अनेक रूपे घेते. कोणत्या रूपात ते देशाची सीमा ओलांडते, यावर आयातीचा आकडा अवलंबून असतो. लाकूड ओंडक्याच्या रूपात आले तर काष्ठफलकांच्या आयातीत त्याची नोंद होत नाही. फळीच्या रूपात आले तर होते. परदेशातील जंगलावर पडणारा भार मात्र दोन्ही वेळी जवळजवळ सारखाच असू शकतो. म्हणून केवळ फलकांच्या आयातीचे आकडे शेजारी शेजारी मांडून केलेली तुलना अपुरी ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

लेखाची उद्दिष्टे :

(१) काष्ठफलकांच्या आयातीची तुलना करताना वापरली जाणारी परिमाणे व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.
(२) जपान, चीन, अमेरिका व भारत या चार अर्थव्यवस्थांतील आयातीच्या बदलांमागील कारणे समजून घेणे.
(३) या तुलनेतून भारतातील, विशेषतः वृक्षशेती करणाऱ्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने, कोणता बोध घेता येतो हे पाहणे.

काष्ठफलक : अर्थ व वर्गीकरण :

काष्ठफलकांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट प्लायवूडचा होय. ओंडका यंत्रावर फिरवून, पेन्सिलीला टोक करताना निघणाऱ्या सालपटाप्रमाणे त्याचे पातळ पापुद्रे काढले जातात. या पापुद्र्यास व्हिनियर म्हणतात. व्हिनियरचे थर एकमेकांशी काटकोनात ठेवून रेझिनने चिकटवले व उष्णतेखाली दाबले म्हणजे प्लायवूड तयार होते. दुसरा गट लाकडाचे बारीक तुकडे दाबून केलेल्या फलकांचा असून त्यात पार्टिकल बोर्ड व ओ.एस.बी. यांचा समावेश होतो. तिसरा गट लाकडाचे तंतू वेगळे करून पुन्हा दाबलेल्या फलकांचा असून एम.डी.एफ. व हार्डबोर्ड हे त्याचे परिचित प्रकार आहेत.

या तीन गटांतील फरक तुलनेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. प्लायवूडसाठी सरळ, बऱ्यापैकी जाडीचा ओंडका लागतो. पार्टिकल बोर्ड व एम.डी.एफ. यांना मात्र फांद्या, करवतीचा भुसा, गिरणीतील टाकाऊ तुकडे आणि शेतातील बारीक लाकूडही चालते. त्यामुळे एक घनमीटर प्लायवूड आणि एक घनमीटर एम.डी.एफ. या दोहोंच्या आयातीचा जंगलाशी असलेला संबंध सारखा नसतो.

आंतरराष्ट्रीय व्यापारात वस्तूंच्या वर्गीकरणासाठी १ जानेवारी १९८८ पासून अमलात आलेली ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ ही संकेतांक पद्धती वापरली जाते. तिच्या ४४ व्या प्रकरणात लाकूड व लाकडी वस्तू येतात. त्यात ४४०३ हे शीर्षक ओंडक्यांचे, ४४०८ व्हिनियरचे, ४४१० पार्टिकल बोर्ड व ओ.एस.बी.चे, ४४११ तंतुफलकांचे आणि ४४१२ प्लायवूडचे आहे. ही पद्धती काही वर्षांच्या अंतराने सुधारली जाते. २००७ च्या सुधारणेत एम.डी.एफ.साठी जाडीनुसार स्वतंत्र उपशीर्षके आली आणि बांबूच्या प्लायवूडलाही स्वतंत्र स्थान मिळाले. २०२२ च्या सुधारणेत एकाच दिशेने थर लावलेल्या, तुळयांसाठी वापरल्या जाणाऱ्या एल.व्ही.एल. या प्रकाराची स्वतंत्र नोंद सुरू झाली. अन्न व कृषी संघटनेच्या जुन्या व्याख्येत व्हिनियरची गणना काष्ठफलकांत होत असे; अलीकडच्या व्याख्येत ते वेगळे दाखवले जाते. त्यामुळे दीर्घ काळाची मालिका तयार करताना व्याख्या कोठे बदलली हे न पाहिल्यास, प्रत्यक्षात न घडलेली वाढ वा घट आकड्यांत दिसू लागते.

तुलनेची परिमाणे व त्यांच्या मर्यादा :

(अ) घनफळ आणि किंमत : भारतात प्लायवूड चौरस फुटाच्या भावाने विकले जाते, आंतरराष्ट्रीय आकडेवारी मात्र घनमीटरमध्ये असते. आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटर जाडीची फळी घेतल्यास एका घनमीटरमध्ये सुमारे १९ फळ्या बसतात. तीच फळी ४ मिलिमीटर जाडीची असल्यास सुमारे ८४ बसतात. जाड फळ्या आयात करणारा देश आणि पातळ, सुबक फळ्या आयात करणारा देश यांचे घनफळ सारखे असले, तरी त्यांनी मोजलेली किंमत व झाकलेले क्षेत्रफळ यांत मोठे अंतर असते. उलट, किमतीच्या आकड्यात चलनाच्या विनिमय दराचे चढउतार मिसळलेले असतात. म्हणून दोन्ही परिमाणे जोडीनेच वाचणे आवश्यक ठरते.

(आ) आयातदार व निर्यातदार यांच्या नोंदींतील तफावत : बहुतेक देश आयातीची किंमत जहाजभाडे व विमा धरून नोंदवतात, तर निर्यातीची किंमत बंदरावर माल चढवेपर्यंतची धरली जाते. त्यामुळे एकाच व्यवहाराचे दोन आकडे स्वभावतःच वेगळे असतात. ही तफावत नेहमीपेक्षा फार मोठी झाली तर चुकीचे वर्गीकरण, तिसऱ्या देशामार्गे वाहतूक किंवा बेकायदा तोडीचा माल यांपैकी काही घडत असण्याची शक्यता तपासावी लागते.

(इ) दृश्य उपभोगाशी प्रमाण : देशातील उत्पादनात आयात मिळवून निर्यात वजा केली असता दृश्य उपभोग मिळतो. आयातीचे या उपभोगाशी असलेले प्रमाण हे परावलंबनाचे अधिक योग्य माप होय. मोठ्या देशाची आयात संख्येने मोठी असूनही प्रमाणाने लहान असू शकते.

(ई) समतुल्य ओंडका-घनफळ : एक घनमीटर प्लायवूड तयार करण्यासाठी साधारणपणे २ ते २.३ घनमीटर ओंडका लागतो. या गुणकाने फलकांची आयात ओंडक्यांत रूपांतरित केली, म्हणजे निरनिराळ्या रूपांत आलेल्या लाकडाची तुलना करता येते. केवळ स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, ‘क’ हा देश १० लाख घनमीटर प्लायवूड आयात करतो व ओंडके मुळीच आणत नाही. ‘ख’ हा देश ५ लाख घनमीटर प्लायवूड आणि प्लायवूडच्या कारखान्यांसाठी १२ लाख घनमीटर ओंडके आणतो. फलकांच्या तक्त्यात ‘ख’ची आयात ‘क’च्या निम्मी दिसेल. परंतु २.३ हा गुणक वापरल्यास ‘क’चे समतुल्य घनफळ २३ लाख आणि ‘ख’चे २३.५ लाख घनमीटर येते. म्हणजेच निम्मी आयात करणारा देश प्रत्यक्षात परदेशी जंगलावर किंचित अधिकच अवलंबून आहे.

या मापालाही मर्यादा आहे. टाकाऊ लाकडापासून बनणाऱ्या फलकांना हाच गुणक लावल्यास एकाच झाडाची दोनदा मोजणी होते. म्हणून हे माप प्रामुख्याने प्लायवूड व व्हिनियर यांच्यापुरतेच काळजीपूर्वक वापरावे लागते.

(उ) काळाचे परिमाण : एखाद्या वर्षाचे चित्र दिशाभूल करू शकते. दक्षिण कोरिया १९७० च्या दशकात आग्नेय आशियातील ओंडके आणून त्यांपासून बनवलेले प्लायवूड अमेरिकेस विकणारा एक अग्रगण्य निर्यातदार होता. ओंडके पुरवणाऱ्या देशांनी निर्यातीवर निर्बंध घातल्यावर हा उद्योग आकसला आणि तोच देश पुढे प्लायवूडचा आयातदार झाला. १९७५ आणि १९९५ या दोन वर्षांपैकी कोणतेही एकच वर्ष पाहिले असते, तर या अर्थव्यवस्थेचे अर्धेच चित्र हाती आले असते.

जपान : आयातीकडून स्वदेशी लाकडाकडे :

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुनर्बांधणीत जपानची लाकडाची गरज झपाट्याने वाढली. १९६० च्या दशकात फिलिपाईन्समधून आणि त्यानंतर इंडोनेशिया व मलेशियातील साबा आणि सारावाक या प्रांतांतून आलेल्या ओंडक्यांवर जपानी प्लायवूड कारखाने चालत असत. या टप्प्यात जपानची प्लायवूडची आयात अल्प होती. परंतु प्लायवूड ज्या लाकडाचे होते ते जवळजवळ सर्वच परदेशी होते.

इंडोनेशियाने १९८० पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणले व १९८५ मध्ये ती पूर्णपणे बंद केली. प्रक्रिया-उद्योग आपल्याच देशात उभा राहावा, हा त्यामागील हेतू होता. थोड्याच वर्षांत इंडोनेशिया उष्णकटिबंधीय प्लायवूडचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार झाला आणि जपान हा त्याचा प्रमुख ग्राहक ठरला. सेंट्रिंगसाठी लागणाऱ्या फळ्यांचा यात मोठा वाटा होता. काही वेळा वापरून या फळ्या टाकून दिल्या जात, यावर जपानमध्येच टीका होऊ लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यास जपानची प्लायवूडची वार्षिक आयात सुमारे ५० लाख घनमीटरपर्यंत पोहोचली. कॅनडातील राज्यशास्त्रज्ञ पीटर डोव्हर्न यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शॅडोज इन द फॉरेस्ट’ या ग्रंथात जपानच्या लाकूड व्यापाराची आग्नेय आशियाच्या जंगलांवर पडलेली छाया हाच विषय मांडला आहे.

त्यानंतर चित्र पालटले. १९९६ मध्ये जपानमध्ये सुमारे १६ लाख नवीन घरांची बांधणी सुरू झाली होती. २००९ मध्ये ही संख्या ८ लाखांच्या खाली आली. मागणीतील या घटीबरोबरच कच्च्या मालाचा स्रोतही बदलला. उष्णकटिबंधीय ओंडके दुर्मिळ झाल्यावर कारखाने प्रथम रशियातील लार्चकडे वळले. २००७ पासून रशियाने ओंडक्यांवरील निर्यात शुल्क वाढवल्यावर त्यांनी महायुद्धोत्तर काळात लावलेल्या आणि आता परिपक्व झालेल्या सुगी व कारामात्सू या स्वदेशी झाडांचा आधार घेतला. कमी जाडीचे ओंडके सोलणाऱ्या नव्या यंत्रांमुळे हे शक्य झाले. २००० च्या सुमारास जपानी प्लायवूडमध्ये स्वदेशी ओंडक्यांचा वाटा अत्यल्प होता. दोन दशकांत तो चार पंचमांशांहून अधिक झाला आणि प्लायवूडची आयातही १९९० च्या दशकातील पातळीच्या निम्म्याहून खाली आली.

या काळात एक अपवादात्मक वर्षही येऊन गेले. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीत ईशान्य जपानच्या किनाऱ्यावरील महत्त्वाच्या प्लायवूड कारखान्यांची हानी झाली आणि काही काळ आयात वाढली. दीर्घकालीन प्रवृत्ती मोजताना अशी वर्षे वेगळी काढूनच पाहावी लागतात.

चीन : फलकांच्या जागी ओंडके :

१९९० च्या दशकात चीन हा प्लायवूडचा एक मोठा आयातदार होता. इंडोनेशिया व मलेशिया हे त्याचे पुरवठादार होते. १९९८ मध्ये यांगत्से नदीला आलेल्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलांच्या संरक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला व अनेक प्रदेशांत वृक्षतोड थांबवली. पाठोपाठ १९९९ मध्ये ओंडक्यांवरील आयात शुल्क शून्यावर आणले गेले. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला.

या तिन्ही घटनांचा एकत्रित परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. चीनचे प्लायवूड उत्पादन २००० मध्ये सुमारे १ कोटी घनमीटर होते. २०१० मध्ये ते ७ कोटी घनमीटरच्या पुढे गेले. आयातदार असलेला हा देश काही वर्षांतच जगातील सर्वांत मोठा उत्पादक व निर्यातदार झाला. केवळ फलकांच्या आयातीचा तक्ता पाहिल्यास हे स्वावलंबनाचे आदर्श उदाहरण वाटेल. परंतु याच काळात ओंडक्यांची आयात १९९८ मधील सुमारे ५० लाख घनमीटरवरून २००७ मध्ये सुमारे ३ कोटी ७० लाख घनमीटरवर गेली. हे सर्वच ओंडके प्लायवूडसाठी नव्हते, हे खरे. तरीही परदेशी लाकडाची गरज संपली नव्हती, तिने सीमा ओलांडण्याचे रूप बदलले होते, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि चीनच्या यशाचे संपूर्ण श्रेय आयात ओंडक्यांना देणेही चुकीचे ठरेल. शांतुंग प्रांतातील लिनयी आणि च्यांगसू प्रांतातील फिचौ येथील प्लायवूड उद्योग मुख्यतः शेतकऱ्यांनी बांधावर व शेतात लावलेल्या पॉप्लरवर उभा राहिला. प्लायवूडचा गाभा स्थानिक पॉप्लरचा आणि वरचा देखणा थर आयात लाकडाचा, अशी रचना तेथे रूढ झाली. शिवाय या उत्पादनाचा मोठा भाग निर्यात झाल्याने चीनने आणलेल्या लाकडाचा अंतिम उपभोग अनेकदा अमेरिका वा युरोपातील घरांत झाला.

अमेरिका : घरबांधणीचे चक्र आणि नियमांची भिंत :

अमेरिका काष्ठफलकांच्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक आहे. तेथील घरे प्रामुख्याने लाकडी सांगाड्याची असल्याने भिंती, छत व जमीन यांसाठी ओ.एस.बी. व प्लायवूड मोठ्या प्रमाणावर लागते. ओ.एस.बी.चा प्रमुख परदेशी पुरवठादार शेजारचा कॅनडा आहे. साहजिकच तेथील आयात घरबांधणीच्या चक्राबरोबर वरखाली होते. २००५ मध्ये सुमारे २० लाख ७० हजार नवीन घरांची बांधणी सुरू झाली होती. गृहकर्जाच्या संकटानंतर २००९ मध्ये ही संख्या सुमारे ५ लाख ५० हजारांवर घसरली. या काळात आयातीत झालेली घट ही स्वावलंबनाची खूण नव्हती, तर मंदीची होती.

दुसरे कारण नियमांचे आहे. २००८ मध्ये लेसी कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा तोडलेल्या लाकडाच्या व्यापारास प्रतिबंध करण्यात आला. २०१० च्या संघीय कायद्याने फलकांतील रेझिनमधून बाहेर पडणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूवर मर्यादा घातली. जानेवारी २०१८ मध्ये चिनी कठीण-लाकडी प्लायवूडवर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे मायदेशापेक्षा कमी भावाने माल ओतण्याविरुद्धचे शुल्क, व अनुदानविरोधी शुल्क लागू झाले. परिणामी चीनकडून होणारी आयात झपाट्याने घटली आणि व्हिएतनामसह इतर आशियाई देशांतील आयात वाढली. चिनी व्हिनियर वा गाभा वापरून व्हिएतनाममध्ये पूर्ण केलेले काही प्लायवूड ही शुल्क चुकवण्याची रीत होय, असा निर्णय अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने २०२३ मध्ये दिला. याचा अर्थ असा की, आयातीच्या तक्त्यातील ‘मूळ देश’ हा स्तंभ पुष्कळदा लाकडाचे मूळ न सांगता शेवटच्या कारखान्याचा पत्ता सांगतो.

युरोपीय संघाचा अनुभवही याच स्वरूपाचा आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये संघाने रशियन लाकडाची आयात बंद केली. त्यापूर्वी रशियन बर्च प्लायवूडवर लावलेले शुल्क तुर्कस्तान व कझाकस्तानमार्गे चुकवले जात असल्याचे आढळल्याने २०२४ मध्ये ते त्या देशांतून येणाऱ्या मालासही लागू करण्यात आले.

भारत : न्यायालयीन आदेश, ओंडके, व्हिनियर आणि शेतातील झाडे :

भारतातील प्लायवूड उद्योगाचे मोठे केंद्र पूर्वी आसाम व अरुणाचल प्रदेशात होते. १२ डिसेंबर १९९६ रोजी टी. एन. गोदावर्मन तिरुमुल्पाद विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने ईशान्येकडील राज्यांतून देशाच्या इतर भागांत होणारी लाकडाची वाहतूक थांबली आणि तेथील अनेक गिरण्या व कारखाने बंद पडले. जंगलाच्या दृष्टीने हा आदेश आवश्यक होता; परंतु त्याची किंमत तेथील कामगारांना मोजावी लागली.

देशाची प्लायवूडची गरज मात्र कमी झाली नाही. उद्योग दोन दिशांना सरकला. एक दिशा बंदरांची होती : कांडला बंदर व गांधीधाम परिसरात आयात ओंडक्यांवर चालणाऱ्या गिरण्या वाढल्या. म्यानमारमधील गुर्जन हे लाकूड प्लायवूडच्या वरच्या थरासाठी विशेष पसंत केले जाई. दुसरी दिशा शेतांची होती : हरियाणातील यमुनानगर येथे शेतकऱ्यांच्या पॉप्लर व निलगिरीवर, तर केरळातील पेरुंबावूर येथे मुख्यतः रबराच्या जुन्या झाडांवर चालणारे कारखाने उभे राहिले. वनाधारित उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून मिळवावा, अशी अपेक्षा १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने आधीच व्यक्त केली होती.

पुढे पुरवठादार देशांनी ओंडक्यांची निर्यात बंद केली. गॅबॉनने २०१० मध्ये व म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून. त्यानंतर भारतीय उद्योजकांनी त्या देशांतच व्हिनियरचे कारखाने काढले. गॅबॉनमधील न्कोक विशेष आर्थिक क्षेत्र हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यामुळे जे लाकूड पूर्वी ४४०३ या शीर्षकाखाली येत होते, त्याचा काही भाग आता ४४०८ खाली येऊ लागला. ४४१२ या शीर्षकातील प्लायवूडची आयात देशातील उत्पादनाच्या मानाने लहानच राहिली. भारताचे परावलंबन मोजताना हा एकच आकडा घेतला, तर गेल्या तीन दशकांतील हे सर्व स्थलांतर नजरेतून निसटते.

एम.डी.एफ.ची कथा निराळी आहे. तयार फर्निचरची मागणी वाढल्यावर जवाहरलाल नेहरू बंदरासारख्या बंदरांतून हे फलक थेट आयात होऊ लागले. स्थानिक उत्पादकांच्या मागणीनुसार काही देशांतून येणाऱ्या एम.डी.एफ.वर वेळोवेळी अँटी-डम्पिंग शुल्क लावण्यात आले. प्लायवूड व इतर फलकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२३ मध्ये निघाले असून २०२५ पासून त्यांच्या अंमलबजावणीस आरंभ झाला. त्यानुसार आयात मालासही भारतीय मानक ब्युरोची खूण आवश्यक ठरते.

तुलनात्मक विवेचन :

वरील चार अर्थव्यवस्थांत काष्ठफलकांची आयात निरनिराळ्या काळी घटलेली वा कमी राहिलेली दिसते. परंतु प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. जपानमध्ये मागणी कमी झाली आणि स्वदेशी लागवडीचे लाकूडही हाती आले. म्हणून तेथील घट बऱ्याच अंशी खरी होती. चीनमध्ये फलकांची जागा आयात ओंडक्यांनी व शेतातील पॉप्लरने घेतली. अमेरिकेत २००९ ची घट घरबांधणीच्या चक्राची होती आणि २०१८ नंतर चिनी आयातीत झालेली घट मुख्यतः मार्गबदलाची होती. भारतात फलकांची आयात कमी राहिली, कारण लाकूड आधी ओंडक्यांच्या व नंतर व्हिनियरच्या रूपात येत गेले आणि उरलेली गरज शेतकऱ्याने भागवली.

जपान व भारत यांच्यातील साम्यही येथे नोंदवण्यासारखे आहे. दोन्ही ठिकाणी आयातीला टिकाऊ पर्याय मिळाला तो पूर्वी लावलेल्या झाडांमुळे. जपानमधील झाडे पक्व होण्यास काही दशके लागली. भारतातील पॉप्लर सहा-सात वर्षांत तोडणीस येतो. परंतु आयात शुल्कातील वा परदेशी बाजारातील बदल काही महिन्यांत परिणाम दाखवतो. शेतकरी आज रोप लावतो तेव्हा तोडणीच्या वर्षी आयातीची स्थिती काय असेल, हे त्याला ठाऊक नसते. स्वस्त एम.डी.एफ.ची लाट त्याच वर्षी आली, तर त्याच्या अनेक वर्षांच्या प्रतीक्षेचे मोल घसरते. उलट टंचाईच्या वर्षी तोडायला झाडच नसते. आयातीची आकडेवारी नीट वाचणे हा म्हणूनच केवळ सांख्यिकीचा प्रश्न उरत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा मुद्दा विशेष लागू पडतो. सागासारख्या अनुसूचित वृक्षांची तोड १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाखाली परवानगीवर अवलंबून असते. निलगिरी व सुबाभूळ यांचा त्या अनुसूचीत समावेश नाही. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. फलक-उद्योगाला चालणारा कच्चा माल शेतकऱ्याने पिकवण्यातील कायदेशीर अडथळे यामुळे कमी झाले आहेत. मात्र त्याला भाव मिळेल की नाही, हे बरेचसे बंदरावर उतरणाऱ्या फलकांवर ठरते.

निष्कर्ष :

(१) काष्ठफलकांच्या आयातीची तुलना ओंडके व व्हिनियर यांच्या आयातीपासून तोडून करणे योग्य नाही. किमान प्लायवूडच्या बाबतीत तिन्ही शीर्षके समतुल्य ओंडका-घनफळात मांडून एकत्र पाहिली पाहिजेत.
(२) आयातीतील बदलाचे कारण मागणीचे चक्र, रचनात्मक बदल की व्यापाराचा मार्गबदल, हे ठरवल्याशिवाय त्यास प्रगती वा अधोगती म्हणता येत नाही.
(३) एका देशाने वृक्षतोड वा ओंडक्यांची निर्यात थांबवली की, तिचा भार पुष्कळदा दुसऱ्या देशावर सरकतो. इंडोनेशिया, चीन, भारत, म्यानमार व गॅबॉन यांच्या निर्णयांची साखळी हेच दर्शवते.
(४) आयातीला खरा पर्याय शुल्काने निर्माण होत नाही. तो लागवडीने निर्माण होतो. शुल्क केवळ त्या लागवडीस वेळ मिळवून देऊ शकते.

समारोप :

कोलकाता येथील वाणिज्यिक आसूचना व सांख्यिकी महानिदेशालय भारताच्या आयातीची आकडेवारी संकेतांकनिहाय प्रसिद्ध करते. तीतील ओंडके, व्हिनियर व फलक यांची शीर्षके एकत्र मांडून, त्यांच्या शेजारी शेतातील लाकडाच्या उत्पादनाचा व बाजारभावाचा स्तंभ ठेवला, तर वनखाते, उद्योजक व शेतकरी या तिघांनाही उपयोगी पडेल असा तक्ता तयार होऊ शकतो. अर्थशास्त्र, भूगोल व वनस्पतिशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्यातील लाकूड बाजार व गिरण्यांच्या पाहणीतून अशा अभ्यासास हातभार लावणे सहज शक्य आहे. कपाटाच्या फळीमागे कोणते जंगल वा कोणाचे शेत उभे आहे, हे आयातीचा एकटा आकडा सांगत नाही. ते शोधून काढणे हे अभ्यासकाचे काम आहे.